पाठीला विचारा

गादीच्या दुकानाची तीनचाकी गल्लीच्या तोंडाशी आली की आधी कुत्री उठायची, मग पोरं उठायची, आणि मग एकेक खिडकी उघडायची. गाडीच्या टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे आणि एकाचं मागे. आत भोंगेकाका. एक हात गाडीच्या दांडीवर, दुसऱ्या हातात माइक, आणि पाठीमागे गाद्यांच्या नमुन्याचे तुकडे. आवाज भरून ठेवून नुसती गाडी फिरवणारे लोकही असतात, पण भोंगेकाकांना त्यांचा भयंकर राग. "तो काय धंदा झाला? उद्या पोपट बसवतील आणि त्यालाच पगार देतील."

काका रोज ताजं बोलायचे. समोर दिसेल त्याला धरून बोलायचे.

"पाठ दुखतेय? मान आखडलीय? सकाळी उठल्या उठल्या कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय? तुमचा दोष नाही, गादीचा दोष आहे! ओ टोपीवाले, हसताय काय, कमरेवर हात ठेवून उभे आहात ते दिसतंय मला! गादी कोणती घ्यावी? शेजाऱ्याला विचारू नका, मला विचारू नका, आपल्या पाठीला विचारा!"

शेवटच्या तीन शब्दांना आवाज असा काही वर न्यायचे, की पोरंही त्यांच्याबरोबर ओरडायची. ही बरीच वर्षं चालत आलेली गोष्ट. काकांना कधी शंका आली नाही, की आपण जे करतो ते कशासाठी करतो. सूर्य उगवतो तसा भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजतो म्हणून गाद्या खपतात. संपलं.

मग मालकाचे गुडघे गेले आणि गल्ल्यावर मालकाची लेक येऊन बसली.

लेक म्हणजे काही परकी नव्हे. लहान असताना ती काकांच्या मांडीवर बसून गावभर फिरलेली. एकदा हातातला माइक ओढून "गादी घ्या, नाहीतर मी रडेन" असं ओरडली होती आणि त्या गल्लीत लोक हसून लोळले होते. पुढे ती शिकायला गेली, कुठल्याशा मोठ्या कंपनीत लागली. लोक काय घेतात आणि का घेतात, एवढंच तपासायचं काम होतं तिथं. वडिलांनी बोलावल्यावर परत आली, पण डोक्यातलं ते 'का' काही तिकडे ठेवून आली नाही.

एका दुपारी तिनं काकांना चहा दिला आणि समोर स्टूल ओढून बसली.

"काका, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"असं म्हटलं की येतोच. विचार."

"तुमचं ओरडणं ऐकून कुणी गादी घेतं का हो?"

काका हसले. न्हाव्याला कुणी विचारावं, की बाबा, तुझ्या कात्रीनं केस कमी होतात का, तसलाच हा प्रश्न. हसून झाल्यावर त्यांनी वर बघितलं तर पोरगी हसत नव्हती.

"म्हणजे काय? लोक काय स्वप्नात बघून येतात?"

"ज्याची गादी फाटते तो येतो असं मला वाटतं. तुम्ही ओरडा नाहीतर नका ओरडू." तिनं कप खाली ठेवला. "मला एक माणूस दाखवा काका. एकच. जो स्वतःच्या तोंडानं म्हणेल, की भोंगा ऐकला म्हणून गादी घेतली. मग मी जन्मात हा विषय काढणार नाही."

"आणि नाही दाखवला तर?"

"तर टपावरचे भोंगे काढू. गाडी गाद्या पोचवायला लागेल. तुम्ही इथं सावलीत बसायचं, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या. पगार आहे तोच."

काढून टाकते म्हणाली असती तर भांडता आलं असतं. पण पगार तोच म्हटल्यावर काय बोलणार? काकांना कुणीतरी गालावरून हात फिरवत थप्पड मारल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं आपण घसा फोडला, तो नुसताच फोडला?

"एक काय, ढीगभर दाखवतो," ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

लेकीनं तपासणीची रीत ठरवली. मधून नदी जाते, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडे रोजच्यासारखं फिरायचं, पलीकडे महिनाभर पाऊल टाकायचं नाही. आणि दुकानात जो येईल त्याला विचारायचं, कसं येणं केलंत. फक्त विचारताना काकांनी समोर बसायचं नाही.

"का? मी काय चावतो?"

"तुमच्या तोंडावर 'नाही' कोण म्हणेल काका? तुम्हाला बरं वाटावं म्हणून लोक 'हो' म्हणतील."

म्हणून काकांची दुपारची जागा उभ्या लावलेल्या गाद्यांच्या मागे ठरली. तिथं कापूस पिंजायचं यंत्र, आणि यंत्रापाशी ढग. ढग म्हणजे पिंजणारा. डोक्यापासून भुवयांपर्यंत कायम कापूस, म्हणून त्याला सगळे ढगच म्हणायचे. माणूस कमी बोलायचा, पण बोलायचा ते टोचून.

"या," तो म्हणाला. "लपायला बरी जागा आहे. मी इथं जन्म काढला, कुणाला दिसलो नाही."

पहिल्याच दिवशी एक मास्तर आले. गाद्यांच्या फटीतून काकांनी ओळखलं. त्यांच्या दारावरून रोज गाडी जायची.

"गादी दाखवा एक. सिंगल."

"दाखवते की," लेक म्हणाली. "सर, कसं येणं केलंत आमच्याकडे?"

"गादीच्या दुकानात माणूस गादीसाठीच येणार. भाजी तर मिळत नाही ना इथं?"

"नाही हो, म्हणजे भोंग्यावर ऐकून आलात का?"

"भोंग्यावर?" मास्तरांनी चष्मा काढला. "ताई, मी शिकवणारा माणूस आहे. जो जो ओरडेल त्याचं ऐकून खरेदी करत सुटलो, तर घरात पाय ठेवायला जागा राहायची नाही. गादी उसवली म्हणून आलो."

गाद्यांच्या मागे काकांचं तोंड पडलं.

"पण सर, तुमच्या शाळेला लागूनच एक गादीचं दुकान आहे. इतक्या लांब आलात ते?"

"शाळेला लागून?" मास्तर बुचकळ्यात पडले. "ते निळ्या दाराचं? ते गादीचं आहे होय? मला इतके दिवस वाटलं पडद्यांचं आहे."

काकांनी ढगाच्या बरगडीत असं कोपर मारलं की कापसाचा लोट उडाला. मास्तर गेल्या गेल्या ते बाहेर आले.

"हा घे तुझा एक माणूस!"

"तो नाही म्हणाला काका."

"तोंडानं नाही म्हणाला. पायानं हो म्हणाला! शेजारचं दुकान सोडून चालत कुणाकडे आला?"

"पायाला कुणी सांगितलं ते पायाला तरी माहीत आहे का? तुमच्याऐवजी आपली पाटी बघितली असेल. मी म्हटलं होतं, स्वतःच्या तोंडानं."

काकांनी मागे वळून रागावून बघितलं तर ढग खाली मान घालून हसत होता.

दोन-चार दिवसांनी शिवणकाम करणारी बाई आली. तिनं स्टुलावर बसताना दोन्ही हात कमरेवर दाबले.

"दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, आणि रात्री दगडावर झोपायचं. शेवटी म्हटलं, आता आपल्या पाठीलाच विचारावं."

मागे काका जागच्या जागी उडाले. ढगानं त्यांचं मनगट धरलं.

"भोंग्यावर ऐकलंत का मावशी?" लेकीनं विचारलं.

"कुठला भोंगा? हां, तो ओरडत फिरतो तो? नाही गं बाई. माझ्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येतंय का! मी कधी लक्षच देत नाही तिकडे."

ती गेली आणि मग दुकानात असं भांडण जुंपलं की मालक आतल्या खोलीतून काठी टेकत बाहेर आले.

"माझे शब्द! माझे शब्द जसेच्या तसे बोलली ती!"

"'पाठीला विचारा' हे कुणीही म्हणेल काका."

"कोण म्हणतं? माझ्या आधी कोण म्हणत होतं या गावात?"

"तुम्ही कुठून आणलंत ते?"

काका डोकं खाजवायला लागले. कुठून आणलं होतं? आठवेना. इतकी वर्षं झाली, की जिभेबरोबरच आल्यासारखं वाटत होतं. "माझं मी केलं असेल," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"काय रे भोंग्या," मालक खुर्चीत टेकत म्हणाले, "पोरीनं तुझी शाळा घेतली म्हणायची."

"मालक, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं गाडी कशाला फिरवलीत?"

मालकांनी गुडघा चोळला. "खरं सांगू? माझ्या बापानं फिरवली होती."

आता गंमत पुढे आहे. पुलापलीकडे गाडी जायची बंद झाली होती आणि त्याबद्दल तिकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. इकडं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, की सांगावं.

एका दुपारी पलीकडचा सायकल दुरुस्तीवाला आला. अंगात धुतलेला सदरा, बरोबर बायको. दोघंही दाराशी खाली बघत उभी.

"या ना, बसा," लेक म्हणाली. "कसं येणं केलंत?"

"वाईट झालं हो," सायकलवाला म्हणाला.

"काय वाईट झालं?"

"भोंगेवाले गेले ना."

"कुठं गेले?"

सायकलवाल्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. "म्हणजे… गेलेच ना. आमच्याकडे येणं बंद झालं एकाएकी. इतक्या वर्षांत त्या माणसाचा घसा कधी बसला नव्हता. बंद पडला म्हटल्यावर काय समजायचं ते आम्ही समजलो. आमच्या सगळ्या आळीत तेच बोलतायत."

गाद्यांच्या मागे काका दगड झाले. बाहेर यायला हवं होतं, कळत होतं. पण आपल्यामागे लोक काय बोलतात ते ऐकायला कुणाला मिळतं? त्यांनी कान गादीला लावला.

"माणूस चांगला होता," सायकलवाला म्हणाला.

काकांची छाती फुगली.

"आवाज फाटक्या पत्र्यासारखा," बायको म्हणाली, "पण माणूस चांगला."

ढगाला आता हसू आवरेना. तो असा गदगदा हलायला लागला की अंगावरचा सगळा कापूस उडाला आणि काकांच्या नाकात गेला. काकांना जी शिंक आली, ती भोंग्याशिवायही पुलापलीकडे ऐकू गेली असेल. समोरची गादी कलंडली, तिच्याबरोबर दुसरी, आणि त्या धुरळ्यातून डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले भोंगेकाका बाहेर आले.

"फाटका पत्रा कुणाला म्हणता?"

सायकलवाल्याच्या बायकोनं किंकाळी फोडली आणि ती मटकन खाली बसली. बसली ती कलंडलेल्या गादीवर. सायकलवाल्याची बोबडीच वळली. त्यालाही कुणीतरी धरून तिच्याशेजारी बसवलं. पाणी आलं, चहा आला, काकांनी तोंड पुसून आपण जिवंत असल्याची खात्री करून दिली, एकदा हात लावू दिला, एकदा चिमटा काढू दिला. सगळे हसून हसून दमले. आणि मग सायकलवाल्याची बायको, अजून बसलेलीच होती, गादीवर तळहात फिरवून नवऱ्याला म्हणाली, "अहो, मऊ आहे हो ही."

ती गादी गेली.

दोघं जाताना लेकीनं नेमानं विचारलं, "भोंगा ऐकून नाही ना आलात?"

"भोंगा ऐकून?" सायकलवाला म्हणाला. "ताई, भोंगा ऐकू आला असता तर आलोच नसतो."

त्यानंतर पलीकडून जी रांग लागली! आधी दु:ख सांगायला आलेले, मग 'जिवंत आहे म्हणतात, बघून येऊ' म्हणून आलेले. आलेला माणूस उभ्या उभ्या तर जाणार नाही, टेकणार. आणि गादीच्या दुकानात टेकणार कशावर? महिना संपला तेव्हा लेक गल्ल्यावर दोन्ही हातांत डोकं धरून बसली होती. जिथं काका रोज ओरडले तिथून गिऱ्हाईक नेहमीइतकंच. जिथं ओरडले नाहीत तिथून कितीतरी जास्त.

"म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं गाद्या खपतात?" काका म्हणाले.

"तसंच दिसतंय."

"मग इतकी वर्षं बोललो कशाला?"

"पण आधी बोलला नसतात तर गप्प बसलेलं कुणाला कळलं असतं?"

"म्हणजे बोलणं कामाचं."

"पण बोललात तिथं तर कुणी जास्त आलं नाही."

"म्हणजे बिनकामाचं."

"काका, मला काही कळेनासं झालंय," लेक म्हणाली. "कंपनीत असतं तर मी यावर काहीतरी लिहून दिलं असतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या."

मालक आतून ओरडले, "मग दोन्हीकडे गप्प बसवा की त्याला!"

"पुढच्या महिन्यात पुन्हा कसा मरू मालक?" काका म्हणाले. "एकदाच चालतं ते."

मुद्दा राहिलाच होता. स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणणारा एक माणूस काही मिळाला नव्हता. लेकीनं शेवटचा एक दिवस दिला. उद्यापर्यंत कुणी आलं तर आलं, नाहीतर ढगाच्या पान्यानं भोंगे खाली.

त्या संध्याकाळी काका घरी आले ते डोक्यात भुंगा घेऊनच. हात धुवायला गेले तर समोर साबण. हिरवा, कडक वासाचा. तो हातात धरून ते उभेच राहिले.

"अगं, हा साबण आपण का आणतो?"

"अंगाला लावायला," बायको आतून म्हणाली. "तुम्ही काय खाता की काय?"

"तसं नव्हे. हाच का?"

"तुम्ही आणता म्हणून."

"मी तर तुला आवडतो म्हणून आणतो."

बायको पोळपाट सोडून बाहेर आली. "मला? मला त्याच्या वासानं डोकं दुखतं. तुमचा आवडता म्हणून इतकी वर्षं गप्प बसले."

"माझा? मला तर त्यानं खाज सुटते!"

मग हा मेला साबण या घरात आणला कुणी? काका आठवायला लागले, तर साबण आठवेना, पण त्याचं एक गाणं आठवलं. लहानपणी रेडिओवर लागायचं. ताजं ताजं असं काहीतरी होतं. ते गुणगुणलेही.

"बघा," बायको म्हणाली. "लोकांना भोंग्यावर सांगता आणि स्वतः भोंग्याचं ऐकून खाजवत बसता."

"म्हणजे लोक ऐकतात! ऐकतात ना?" काका एकदम खुलले. "हे बघ, मीच ऐकलं की!"

"साबणवाल्याचं ऐकलंत. तुमचं कुणी ऐकल्याचं मला माहीत नाही. निदान या घरात तरी नाही."

"म्हणजे?"

बायकोनं त्यांचा हात धरला आणि खाटेपाशी नेलं. चादर वर केली. खाली तिच्या माहेराहून आलेली गादी. गादी कसली, नांगरलेलं शेत! जागोजागी गोळे, मध्ये खड्डा, खड्ड्यात घडी करून घातलेली जुनी चादर.

"हा गोळा माझ्या खांद्याखाली येतो, म्हणून मी कुशीवर वळते. कुशीवर वळले की हा कमरेत लागतो, म्हणून सरकते. सरकले की खड्डा. तुम्ही आडवे झालात की घोरता, तुम्हाला काय कळणार?"

काकांनी गोळ्यावर हात ठेवला. इतकी वर्षं गावाला गाद्या सांगत फिरले. रोज दुपारी गाद्यांना पाठ टेकून डबा खाल्ला. पण त्यातली एक आपल्या घरी यावी, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. दुकानातल्या गाद्या म्हणजे लोकांसाठी असतात, असंच काहीतरी मनात बसलं होतं.

"बोलायचं नाहीस का कधी?"

"बोलले नाही?" ती खाटेच्या कडेला बसली. "या घरात नवीन आलो तेव्हा पहिल्या सकाळी तुम्ही विचारलंत, झोप लागली का? मी म्हटलं, माझ्या पाठीला विचारा. तुम्ही किती हसलात! वा, काय बोललीस म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत गाडी आली, बघते तर भोंग्यावर माझेच शब्द. मला वाटलं, आता गादी येणार."

"मग?"

"आली की. गावाला आली."

काका जेवले, पण काय जेवले ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ते मागच्या दारानं गेले नाहीत. पुढून गेले. चपला बाहेर काढल्या, पायरी चढले आणि गल्ल्यासमोर उभे राहिले.

"एक गादी पाहिजे. डबल. चांगली भरून."

लेकीनं वर बघितलं. डोळे चमकले तिचे, पण तोंड सरळ ठेवून तिनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "या. कसं येणं केलंत?"

"छे, भोंगा वगैरे काही नाही," काका म्हणाले. "घरात पाठ दुखते म्हणून आलो."

बोलले आणि स्वतःच थांबले. मागे ढगानं यंत्र बंद केलं. इतकं शांत झालं की आतल्या खोलीत मालक गुडघा चोळत होते तेही ऐकू आलं.

"काका," लेक हळूच म्हणाली, "मी तर अजून भोंग्याचं विचारलंही नव्हतं. आणि नुसतं 'हो' म्हणाला असतात तरी झालं असतं. एकच माणूस हवा होता."

"माहीत आहे गं. घरून तेच ठरवून निघालो होतो. तोंडातून हेच आलं."

"मग खरं काय आहे?"

काका स्टुलावर बसले. "खरं सांगू? बायकोची पाठ दुखते म्हणून आलो, हे खरं. ते मला काल कळलं. मग आजवर का नाही कळलं? रोज तर तिचेच शब्द ओरडत होतो. पण भोंग्याचं तोंड बाहेर असतं बाळ, आत बसणाऱ्याला ऐकू येत नाही. मग काल कुणाचं ऐकलं, तिचं की भोंग्याचं? तूच सांग. तू शिकलीस."

"मला नाही सांगता येत," लेक म्हणाली. "हे तर मास्तरांच्या पायाहून अवघड आहे."

पण शब्द म्हणजे शब्द. तिनं ढगाकडून पाना घेतला, बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या फळीवर चढली आणि पुढच्या भोंग्याच्या नटाला पाना लावला. काका खाली उभे. नट गंजलेला. तिनं जोर लावला, नट करकरला, थोडा फिरला. मग ती थांबली.

"काय झालं? मी येऊ वर?"

"नको."

"मग काढ की."

"काका, भीती वाटते." तिनं पाना खाली केला. "भोंगे काढले आणि दुकान बसलं, तर कळेल की दुकान तुमच्यामुळे चालत होतं. म्हणजे मी घालवलं. आणि काढले आणि काहीच फरक पडला नाही, तर कळेल की तुम्ही आणि आजोबा आणि बाबा, सगळ्यांनी इतकी वर्षं… ते पण नकोय मला कळायला."

"मग?"

"मग काय. फिरलेला नट उलटा फिरवते. उद्या पुलापलीकडे जा. लोक वाट बघतायत म्हणे, पोरं तर रोज विचारतात."

"वाट बघतायत म्हणजे गादी घेणार?"

"काका, आता एक शब्दही विचारू नका."

संध्याकाळी नवी गादी गाडीत टाकून काका घराकडे निघाले. वाटेत वाण्याच्या दुकानापाशी गाडी उभी केली. ठरवलं होतं, साबण बदलायचा. बायकोचं डोकं दुखू नये आणि आपल्याला खाज सुटू नये, असा कुठलाही. घराशी आले, गादी खांद्यावर घेऊन आत शिरले. शेजारपाजार दारात उभा.

बायकोनं कमरेवर हात ठेवले. "हे काय? कुणी सांगितलं आणायला?"

"तूच की!"

"मी कधी सांगितलं? मी नुसतं दाखवलं. आणा असं म्हटलं का? साबण बदला असं मात्र सकाळी नक्की म्हटलं होतं."

"तोही आणलाय," काका म्हणाले आणि पिशवी तिच्या हातात दिली.

तिनं गादी खाटेवर पसरली, हातानं दाबून बघितली, मग सगळ्यांसमोर आडवीच झाली. डोळे मिटले. शेजारीण दारातून म्हणाली, "कशी आहे गं?" पडल्या पडल्या बायकोनं पिशवीत हात घातला, बाहेर काढला आणि मग हळूहळू तिचं पोट हलायला लागलं. नवी गादी आणि ती, दोन्ही हसून हलत होती.

हातात तोच हिरवा साबण होता.

काकांनी तो घेतला, उलटा केला, सुलटा केला. दुकानदारानं 'कोणता देऊ' विचारलं तेव्हा त्यांनी चांगलं दुसरं नाव मनात धरलं होतं. धरलं होतं, याची त्यांना शपथेवर खात्री होती.

"मी हा मागितलाच नव्हता," ते म्हणाले.

"मग त्यानं कसा दिला?"

"तेच तर," भोंगेकाका म्हणाले आणि साबण नाकाशी धरून खाटेपाशीच उभे राहिले. वास नेहमीसारखाच कडक होता. ताजा ताजा.